पासवर्ड एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकला म्हणजे झालं?

ऐरोली-महापे पट्ट्यात नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. ते ओएस सांभाळतं, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. व्हॅल्यू बदलली की चालू प्रोग्रॅमला लगेच मिळते. ट्रू-फॉल्स, आकडे जसेच्या तसे येतात. एकदा सेट केलं की कुठूनही चालवा, विंडोज असो वा लिनक्स.’

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रॅमला कोडच्या बाहेरून, ओएसमार्फत दिलेली नाव-व्हॅल्यूची जोडी. मेसेजमधलं पहिलं वाक्य सोळा आणे खरं. पासवर्ड एकदा गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या टूलमध्ये, गेला की पुढच्या कमिटमध्ये (नोंदीत) पुसून काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये तो बसलेलाच असतो. पुढचं मात्र तपासायला हवं.

‘लगेच मिळते’ हे आधी घेतो, कारण घोळाचं मूळ तिथे आहे. १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ पासून रीत अशी की प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, सुरू होताना तिला व्हेरिएबलांची स्वतःची एक प्रत मिळते, बहुतेक वेळा पॅरेंट प्रोसेसकडची, म्हणजे तिला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडची. घरून निघताना बांधून दिलेली शिदोरीच ती; मागाहून घरी काय शिजलं ते तिच्यात येत नाही. आता हे बघा: व्हीएस कोड या एडिटरच्या टर्मिनलमध्ये एकीने सेटएक्स या विंडोजच्या कमांडने डेटाबेसचा पासवर्ड टाकला, ‘सक्सेस’ असं उत्तरही आलं, आणि पायथन मात्र ‘नन’च (काहीच नाही) छापत राहिलं. ‘सर, स्पेलिंग तर बरोबर आहे!’ स्पेलिंग बरोबरच होतं. सेटएक्स व्हॅल्यू रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, लिहितं, चालू विंडोला हातही लावत नाही. तिने नवीन टर्मिनल टॅब उघडला, तरी नन. कारण तो टॅब आधीपासून उघड्या असलेल्या व्हीएस कोडचंच अपत्य. पूर्ण बंद करून उघडल्यावर मिळालं. पायथनची आणखी एक गंमत: ओएस.एन्व्हायरन हा डिक्शनरीसारखा नकाशा प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच भरला जातो. कंटेनर (वेगळ्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम) सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्येही हेच. व्हॉल्यूम म्हणून, म्हणजे फाइलीच्या रूपात, जोडलेलं सीक्रेट (तिथे साठवलेला पासवर्ड) बदललं तर फाइल थोड्या वेळाने बदलते, पण एन्व्हायर्नमेंटमधून दिलेलं सीक्रेट कंटेनर नव्याने सुरू होईपर्यंत जुनंच.

आता ‘दुसऱ्या कुणाला दिसत नाही’. लिनक्सवर प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या नंबराखाली एन्व्हायरन नावाची फाइल असते. इतर साध्या युजरना ती उघडत नाही, हे मान्य. पण रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य युजरला, आणि त्याच युजरखाली चालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला सहसा उघडते. आतून व्हेरिएबल डिलीट केलं तरी त्या फाइलीत सुरुवातीचीच व्हॅल्यू दिसत राहते. कंटेनर चालवणाऱ्या डॉकरची ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही कमांड चालवा, कंटेनरला दिलेले पासवर्ड सरळ वाचता येतात. सगळ्यात दुर्लक्षित भाग वारशाचा: तुमच्या प्रोग्रॅमने फोटो लहान करायला बाहेरचं टूल बोलावलं, तर मुद्दाम अडवलं नाही तोवर डेटाबेसचा पासवर्ड त्यालाही मिळतो. त्याचा त्याच्याशी काय संबंध? पीएचपीवाल्यांनी टेस्टिंगसाठी ठेवलेलं पीएचपीइन्फोचं पानही एन्व्हायर्नमेंट उघड्यावर मांडतं. खरोखर जपायचा पासवर्ड असेल तर मी तो ६०० परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) फाइलीतून किंवा डॉकर सीक्रेटमधून वाचतो आणि व्हेरिएबलमध्ये फक्त त्या फाइलीचा पत्ता देतो.

ट्रू-फॉल्सचं एका वाक्यात: मिळते ती फक्त स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांचा मजकूर, आणि पायथनमध्ये ‘फॉल्स’ ही रिकामी नसलेली स्ट्रिंग असल्याने इफमध्ये ती ट्रू ठरते, म्हणून डीबग (चुका शोधायचा मोड) बंद करूनही प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, चालू राहतो.

‘कुठूनही चालवा’ हे तर सपशेल खोटं. विंडोज नावात लहान-मोठी अक्षरं वेगळी मानत नाही, लिनक्स मानतं. तिकडे यूजरप्रोफाइल, इकडे होम. पाथ या व्हेरिएबलमधल्या (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांच्या) पत्त्यांमध्ये तिकडे अर्धविराम, इकडे कोलन. शिवाय सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचा मजकूर कापून टाकतं. लांबलचक पाथ त्यातून लिहाल तर शेपूट गेलंच समजा. आणि एकाच लिनक्स मशीनवरही टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून, आपटते, कारण टर्मिनलची सेटिंग्ज असलेली बॅशआरसी फाइल क्रॉन वाचत नाही. रूटच्या अधिकारात कमांड चालवणारं सुडोही सहसा तुमची व्हेरिएबलं पुढे जाऊ देत नाही. क्रॉनसाठी ती क्रॉनटॅबमध्येच (क्रॉनच्या कामांच्या यादीत) वरती लिहा. सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस असेल तर तिच्या युनिट फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंटफाइलची ओळ टाका, सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड चालवा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा.