पाच पर्वती आणि वर अठरा पायऱ्या

गेली तीस वर्षे मी रोज पहाटे पर्वती चढतो आणि उरलेला दिवस ते लोकांना सांगण्यात घालवतो. त्यामुळे जर्मनीत मुलीकडे गेलो असताना, कोलोनच्या कॅथेड्रलसमोर उभे राहून तिने "बाबा, मनोऱ्याला लिफ्ट नाही, ५३३ पायऱ्या आहेत," असे बजावले, तेव्हा माघार घेणे शक्यच नव्हते. पर्वतीच्या पायऱ्या १०३. म्हणजे पाच पर्वती आणि वर अठरा, हा हिशेब मी सौभाग्यवतींना जागच्या जागी मांडून दाखवला. "तुम्ही या जाऊन. मी आत बसते," एवढेच त्या म्हणाल्या.

पर्वतीच्या पायऱ्या रुंद आहेत, ही गोष्ट हिशेबात धरायची राहून गेली होती. इथला जिना दगडी, गोल आणि अरुंद. शिवाय चढणाऱ्यांना आणि उतरणाऱ्यांना मिळून तो एकच. पहिल्या पर्वतीवर मी अभंग गुणगुणत होतो, दुसरीवर तो विठ्ठलावर सोपवला, आणि तिसरीवर समोरून सहा फुटी माणसांचे एक अख्खे कुटुंब उतरत आल्याने मी पालीसारखा भिंतीला चिकटलो. प्रत्येकाने हसून अभिवादन केले. बोलायला श्वास नसल्याने मी नुसती मान डोलावली आणि फार विनम्र ठरलो.

वाटेत १९२३ साली ओतलेली २४ टनांची घंटा लागते. कोलोनकर तिला लाडाने 'जाड्या पीटर' म्हणतात. तिचे मी इतके बारकाईने निरीक्षण केले की बघणाऱ्याला मी ओतारी वाटलो असेन.

या इमारतीचे काम १२४८ मध्ये सुरू झाले, १५६० च्या सुमारास थांबले, १८४२ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १८८० मध्ये संपले. एरवी मी याला सरकारी काम म्हटले असते; चौथ्या पर्वतीवर मात्र त्या गवंड्यांविषयी मला विलक्षण जिव्हाळा वाटला. त्यांना अर्ध्यावर पावणेतीनशे वर्षे दम खाता आला. माझ्यामागे शाळेची सहल होती.

वर जाळीआडून ऱ्हाइन दिसली, रेल्वेचा पूल दिसला, आणि डोळ्यांपुढे काही काजवेही दिसले.

लटपटत्या पायांनी खाली उतरलो, तोवर आत प्रार्थना सुरू झाली होती आणि पाहुण्यांना दारातच थोपवत होते. सौभाग्यवती प्रसन्न मुद्रेने बाहेर आल्या. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींची सोनेरी पेटी त्यांनी निवांत पाहिली होती. २००७ साली बसवलेल्या, ११,२६३ रंगीत चौकोनांच्या खिडकीतून आलेले ऊन त्यांच्या शालीवर पडले होते, त्याचा फोटोही मुलीने काढला होता.

"तुम्हाला वरून काय दिसलं?" त्यांनी विचारले.

"आपण सकाळी उतरलो ते स्टेशन," मी म्हणालो.