नऊ वाजून पाच मिनिटं

आज पुन्हा तेच. सहा वर्षं एचआयव्हीचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) 'नॉट डिटेक्टेड' असलेल्या मावशींचा रिपोर्ट २,४०० आला आणि टेबलापलीकडून पहिला प्रश्न: "गोळ्या का चुकवल्या?" मावशी म्हणाल्या, एकही नाही. डबी उलटी करून मोजलं, हिशोब चोख निघाला. तरी बोलणी चालूच!

शेवटी पिशवीतून ॲसिडिटीचं सिरप निघालं. गुडघ्याच्या गोळ्यांनी जळजळ होते म्हणून चार महिने चालू. रात्री नऊला एआरटीची (एचआयव्हीच्या उपचाराची) गोळी, नऊ वाजून पाच मिनिटांनी दोन चमचे सिरप.

गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. यातलं डोल्युटेग्राविर विषाणूच्या इंटिग्रेज या एन्झाइममधल्या मॅग्नेशियमला धरून त्याला अडवतं. पण पोटात सिरपातलं मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम समोर आलं की त्यालाच चिकटून बसतं. मग रक्तात पोचतं जेमतेम पाव हिस्सा.

म्हणून गोळी आधी, सिरप दोन तासांनी. सिरप आधी घेतलं असेल तर गोळीला सहा तास थांबा. लोह-कॅल्शियमलाही हेच, फक्त ते भरल्या पोटी गोळीबरोबर चालतं. सिरपाला ती सवलत नाही. (पँटोप्राझोल डोल्युटेग्राविरच्या आड येत नाही. जळजळीला तेच लिहून देता आलं असतं की!)

हो, लोड वाढला तर बहुतेकदा गोळ्याच चुकलेल्या असतात. मान्य. म्हणून "आणखी काय घेता?" एवढं विचारायला जीभ झिजते का? टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर ५० दिवसातून दोनदा लागतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन डोल्युटेग्राविरबरोबर दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नये. हे न विचारता कळणार कसं?

आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना मावशींनी एचआयव्हीचं सांगितलंच नव्हतं. आधी एकदा एका ठिकाणी सांगितलं, तर समोरच्याने खुर्ची मागे सरकवली. लोड सतत २०० च्या खाली असेल तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही, आणि यांना टेबलापलीकडून भीती! मग लपवलं तर मावशींना कुठल्या तोंडाने बोलायचं?

औषधं लगेच बदलायची घाई नको. डोल्युटेग्राविरला विषाणू सहजासहजी दाद देणं बंद करत नाही. वेळा सुधारायच्या आणि तीन महिन्यांनी लोड पुन्हा करायचा. तोवर मात्र शरीरसंबंधात काळजी घ्यायचीच.

मावशींनी जाताना मार्कर मागून घेतला आणि बाटलीवर मोठ्ठे ११ लिहिले.