"शेणावर देश चालणार का?" निफाडच्या दादांच्या कॉमेंटला उत्तर

दादा, कॉमेंट दोनदा वाचली. राग दिसतोय, पण मुद्दे दमदार आहेत, म्हणून तिथल्या तिथे दोन ओळी खरडण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की देशाला कोळसा-तेलापासून लांब जायचं असेल तर सोलर, पवनचक्क्यांसोबत बायोगॅसलाही जागा द्यायला हवी. त्यावर दादा म्हणतात, गोबरगॅस ऐंशीच्या दशकात वाजतगाजत आला आणि मागे नुसते खड्डे उरले, त्यांच्या मळ्यातली टाकी थंडीत गॅसच द्यायची नाही, आता सोलर एवढं स्वस्त झाल्यावर शेणावर देश चालवायची स्वप्नं कशाला, आणि शहरात बसून लिहिणाऱ्यांनी एकदा शेणकाला कालवून बघावा.

कालवलाय दादा, आजोळी. पुढे जाऊ.

आधी तुमचा शेणाचा हिशोबच घेऊ, कारण तो बाकी कुणी मांडत नाही. २०१९ च्या पशुगणनेत गाई-बैल १९ कोटींच्या वर आणि म्हशी जवळपास ११ कोटी, म्हणजे धरा ३० कोटी जनावरं. एका जनावराचं दिवसाला १० किलो शेण पकडलं आणि २५ किलोला एक घनमीटर गॅस, तर झाला रोजचा १२ कोटी घनमीटर बायोगॅस. त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कामाचा गॅस साडेसहा-सात कोटी घनमीटर. देश रोज साधारण १८-१९ कोटी घनमीटर नैसर्गिक गॅस वापरतो आणि त्यातला निम्मा बाहेरून आणतो. म्हणजे देशातला शेणाचा पो न् पो गोळा केला तरी तिसरा हिस्सा, आणि ते तर होणार नाहीच, रानात चरणाऱ्या गाईच्या मागे कोण फिरणार, चौथाई हाताला लागलं तरी आठ-नऊ टक्के. वर देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसच मुळात सहा-सात टक्के. तेव्हा शेणावर देश चालणार नाही, हे तुमचं शंभर टक्के बरोबर, आणि तो चालेल असं मी लिहिलेलंही नाही.

आता खड्ड्यांचं. १९८१-८२ ला केंद्राची बायोगॅसची राष्ट्रीय योजना आली, तेव्हापासून देशात घरगुती प्लांट पन्नास लाखांच्या आसपास झाले आणि आपला महाराष्ट्र त्यात कायम पुढे. पण योजना काय होती बघा ना, अनुदान बांधायला. पुढे खादी ग्रामोद्योगच्या मॉडेलची लोखंडी टोपी गंजली, दीनबंधू नावाच्या दुसऱ्या मॉडेलच्या घुमटाला तडा गेला तर गवंडी कुठून आणायचा, त्याला पैसे कोण देणार, यावर सगळे गप्प. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण आणि जवळपास तेवढंच पाणी लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं हवीत. आणि निफाडात झालं काय, ट्रॅक्टर आले, बैल गेले, द्राक्षबागा वाढल्या, गोठ्यात राहिल्या दोन म्हशी. अर्धपोटी प्लांट काय गॅस देणार! त्यात तुमची थंडी. टाकीतले जिवाणू तीस-पस्तीस डिग्रीत खूश असतात, पंधराच्या खाली गेलं की काम जवळजवळ बंद, आणि निफाडचा पारा तर पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दर दोन-चार वर्षांनी वाचतो. हे सगळं मला मान्य आहेच, वर माझी एक भर घाला: तो काला रोज सकाळी कालवायचा कुणी? बहुतेक घरांत बायांनी. मग सिलेंडर दारात आल्यावर त्या बाईने खड्ड्याकडे पाठ फिरवली तर तिचं काय चुकलं सांगा.

पण यावरून सिद्ध काय होतं? दोन म्हशींच्या घराला स्वतःचा गॅस कारखाना चालवायला लावणं चूक होतं, एवढंच. शेण, सडका भाजीपाला, हॉटेलचं उष्टं, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसाचा गाळ) हे सगळं तर सडतच असतं, प्लांट असो नसो. उकिरड्यात किंवा कचरा डेपोत हवा न लागता सडलं की मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या २७-३० पट तापवतो. माझा सगळा मुद्दा इथे आहे: बायोगॅसकडे आधी कचऱ्याची सोय म्हणून बघा, गॅसचे पैसे मागाहून मोजा. तुम्ही त्याला सोलरशेजारी उभं करून युनिटचा भाव विचारला तर तो हरणारच.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. विल्होळीला महापालिकेने जर्मन सरकारच्या जीआयझेड या मदतसंस्थेच्या साथीने २०१७ ला प्लांट उभा केला, शौचालयांचा मैला आणि हॉटेलांचा ओला कचरा एकत्र पचवायचा, रोजची क्षमता ३० टन आणि वीज साधारण ३३०० युनिट. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राचे ६३० मेगावॅट पूर्ण जोरात चालले तर तेवढी वीज वीस सेकंदांत निघते! म्हणजे विजेसाठी म्हणून बघितलं तर चेष्टाच आहे. पण ३० टन घाण नदी-नाल्यात किंवा ढिगाऱ्यावर न जाणं, त्याची किंमत कुठल्या मीटरवर दिसते? (गोदावरीच्या काठी राहून हे मी समजावून सांगायला नको.) इंदूरने फेब्रुवारी २०२२ मध्ये ५५० टनांचा प्लांट सुरू केला, रोज १७ हजार किलो गॅस, शहर बसेस त्यावर. तिथे जमलं कारण घरोघरी ओला-सुका वेगळा होतो. प्लास्टिक मिसळलेला कचरा घातला की कुठलाही प्लांट महिन्या-दोन महिन्यांत आजारी पडतो.

आणि लासलगावचं बोला ना. कांदाचाळीत सडलेला कांदा लोक रस्त्याकडेला टाकतात, वासाने माणूस हैराण. कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला गिल्स अनियन्स नावाची कंपनी कांद्याच्या रसातून गॅस करून २००९ पासून त्यावर वीज बनवायला लागली होती. नुसता कांदा घातला तर टाकी आंबट होते, त्यात शेण मिसळावं लागतं, गंधकामुळे गॅस धुऊन घ्यावा लागतो, पण अशक्य काही नाही.

सरकारवरही माझा राग आहेच. ऑक्टोबर २०१८ ला 'सतत' योजना आली, २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्लांट आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस म्हणे. पाच हजारांच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही. त्यापेक्षा नंतरचा नियम मला जास्त शहाणपणाचा वाटतो, सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये २०२५-२६ ला एक टक्का बायोगॅस मिसळायचा, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. वरचा आपला हिशोब आठवा, पाच टक्के म्हणजे झेपणारा आकडा आहे. भीती एकच, कचरा गोळा करायची कटकट नको म्हणून कंपन्या नेपिअर गवत लावायला सांगतील. जर्मनीत हेच झालं, बायोगॅससाठी मका इतका पेरला की २०१२ च्या कायद्यात मका-धान्याला ६० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. बागायती जमिनीत गॅससाठी गवत लावायच्या मी साफ विरोधात आहे, त्यापेक्षा तिथे सोलर पॅनल परवडले. आणि पाइप-टाकीतून मिथेन गळत असेल तर फायदाच गळून जातो, त्यामुळे गळतीची तपासणी सक्तीची असलीच पाहिजे, हे कुणी बोलतच नाही.

राहिलं सोलर. दिवसा वीज हवी तर सोलरच घ्या, मी कुठे नाही म्हणते? पण बस, ट्रक, एमआयडीसीतली भट्टी आणि संध्याकाळी सातची मागणी, इथे साठवता येणारा गॅस कामाला येतो. शिवाय स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीत उरणारा पातळ काला. शेणातलं नत्र बरंचसं तिच्यात टिकून राहतं, गोवऱ्या जाळल्या की ते गेलं. २०२३ मध्ये असल्या खताला टनामागे १५०० रुपयांची मदतही जाहीर झाली. तुमच्या द्राक्षाला शेणखत आज काय भावाने पडतं ते तुम्हीच लिहा खाली.

शेवटी विचारलंय, "मग मी माझा खड्डा परत उघडू का?" दोन म्हशींवर? अजिबात नको. सिलेंडर राहू द्या. पण पाच-दहा किलोमीटरवर दूध संघाने किंवा बाजार समितीने मोठा प्लांट टाकला आणि शेणाला किलोमागे रोख भाव देऊन स्लरी परत देणार असतील, तर आधी करार वाचा, स्लरी किती आणि कुणाच्या गाडीने येणार ते लिहून घ्या, मग द्या.