हान्साचं साम्राज्य दाखवताय ना, मग त्याचा खर्च कोण करणार ते आधी सांगा

परत तेच. काल रात्री हान्सा लीगवर, म्हणजे मध्ययुगातल्या उत्तर युरोपच्या जर्मन व्यापारी शहरांच्या युतीवर, अजून एक 'हान्सा लीगचं साम्राज्य झालं असतं तर' अशी गोष्ट वाचायला घेतली आणि तिसऱ्याच परिच्छेदात त्यांच्या मुख्य शहरात, ल्यूबेकमध्ये, सम्राट बसला, त्याला मुकुट आला, लाल-पांढऱ्या गणवेशातली खडी फौज आली आणि 1500 सालापर्यंत लंडनपासून रशियातल्या नोव्हगोरोदपर्यंत अख्खा नकाशा एका रंगात रंगवून टाकला. अरे पण कसं? त्या फौजेला पगार कोण देतंय? सम्राटाचं ऐकतंय कोण आणि का? काहीच नाही, पुढच्या ओळीत लगेच अमेरिकेत वसाहत.

लिहिणाऱ्याला विचारलं तर तेच ठरलेलं उत्तर, "अगं काल्पनिक आहे, एवढं काय मनावर घेतेस." हेच माझ्या डोक्यात जातं. काल्पनिक आहे म्हणूनच जास्त विचार करायला पाहिजे ना! एक गोष्ट बदलायची आणि तिच्यामुळे बाकीचं कसं कसं बदलत जातं ते दाखवायचं, यासाठीच तर आपण आल्टरनेट हिस्टरी वाचतो, नाहीतर नुसत्या नकाशाला रंग कुणीही देईल.

आणि हान्सा म्हणजे नक्की काय होतं ते तरी बघा. 1356 मध्ये ल्यूबेकला शहरांची पहिली मोठी सभा भरली, हान्सेटाग म्हणतात ती. पण कायमची तिजोरी नाही, खडी फौज नाही, स्वतःचं आरमार नाही, सगळ्यांचा मिळून एक शिक्का पण नाही. सभेला कितीतरी शहरं माणूसच पाठवायची नाहीत आणि जी पाठवायची त्यांचे प्रतिनिधी अडचणीचा विषय निघाला की म्हणायचे, आम्हाला घरी जाऊन विचारावं लागेल. 1468 मध्ये इंग्लंडने या सगळ्यांना एकच संस्था धरून एकाच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला पकडलं तेव्हा हान्साने 1469 मध्ये अधिकृत उत्तरच दिलं की आम्ही ना कंपनी, ना मंडळ, ना कुठली एकसंध संस्था, आम्ही फक्त एकमेकांशी करार केलेली शहरं आहोत. जे लोक स्वतः सांगतायत आम्ही एक नाही त्यांना तुम्ही एका ओळीत साम्राज्य करून टाकता?

मग कोणीतरी ईस्ट इंडिया कंपनी काढतंच. व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले, शाळेत शिकलोय आपण, कळलं. पण कंपनी ही एक कंपनी होती हो! भागधारक, लंडनला बसलेले डायरेक्टर, एक हिशोब, आणि 1765 ला बंगालची दिवाणी मिळाल्यावर शेतसाऱ्याच्या पैशातून फौज पोसायची सोय. हान्साकडे शेतसारा कुठला? ल्यूनेबर्गचं मीठ, स्कोनेचा (आजच्या स्वीडनचं दक्षिण टोक, तेव्हा डेन्मार्कचं) हेरिंग मासा, नॉर्वेतल्या बर्गनचा सुकवलेला कॉड, नोव्हगोरोदचं मेण आणि फर, फ्लँडर्सचं कापड, हे इकडून तिकडे न्यायचं आणि मधला नफा, बस. आणि तो नफाही ज्याचा त्याच्या घरी जायचा, कुठल्या सामायिक पेटीत नाही.

खरं सांगू, मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की खऱ्या इतिहासात एक जबरदस्त वळण आयतं पडलंय आणि त्याला कोणी हात लावत नाही. डेन्मार्कच्या वाल्डेमार राजाने 1361 ला बाल्टिकमधलं व्हिस्बी हे व्यापारी शहर घेतलं. पुढच्या वर्षी शहरांनी तेवढ्यापुरतं जमवलेलं आरमार हेलसिंगबोर्गला हरलं आणि ज्याच्या हाताखाली हरलं तो ल्यूबेकचा महापौर योहान व्हिटेनबोर्ग, त्याला 1363 मध्ये त्याच्याच शहराने मृत्युदंड दिला. विचार करा, महापौराला! मग 1367 ला कलोनमध्ये शहरं एकत्र आली, जहाजांवर आणि मालावर खास कर बसवला, लढले, जिंकले, आणि 1370 च्या स्ट्रालसुंडच्या तहात स्कोनेच्या किनाऱ्यावरचे चार किल्ले पंधरा वर्षांसाठी आणि तिथलं दोन तृतीयांश उत्पन्न मिळालं. त्यातला एक किल्ला हेलसिंगबोर्ग, म्हणजे थेट सुंडच्या सामुद्रधुनीवर (आजच्या डेन्मार्क आणि स्वीडनमधली अरुंद समुद्रवाट), बाल्टिकचा दरवाजाच. आणि 1385 ला मुदत संपली तशी त्यांनी किल्ले परत दिले!

परत दिले! इथे थांबा ना, इथे बदला गोष्ट! 1429 च्या सुमारास त्याच सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर डेन्मार्कच्या राजाने जकात लावली आणि ती 1857 पर्यंत चालू राहिली, चारशे वर्षांच्या वर. ती जकात हान्साने घेतली असती तर? 1367 चा तो युद्धकर कायमचा झाला असता तर? मग तिजोरी आली, तिजोरी आली की पगारी फौज आली आणि मग कुठे साम्राज्याचं बोलता येईल.

आणि हे केलं की लगेच खरा प्रॉब्लेम समोर येतो आणि तोच तर लिहायचा असतो. ल्यूबेकला डच जहाजं बाल्टिकमध्ये नकोच होती आणि डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) तीच हवी होती कारण धान्य न्यायला डच लोक यायचे. 1438 ला वेंडिश शहरं (ल्यूबेक आणि त्याच्या शेजारची) डचांशी लढली तेव्हा डान्झिगसारखी प्रशियाची शहरं त्यांच्यासोबत उतरली नाहीत. कलोनने तर इंग्लंडशी युद्ध सुरू असताना स्वतःचा लंडनचा धंदा सांभाळला, 1471 ला त्याला हान्सामधून काढलं आणि 1476 ला परत घ्यावं लागलं. म्हणजे या साम्राज्याची पहिली लढाई डेन्मार्कशी नाही, स्वतःच्याच डान्झिगशी आणि कलोनशी झाली असती. किती भारी गोष्ट आहे ही! जकातीचा दर ठरवायला बसलेले दहा शहरांचे दहा जण, प्रत्येकाचं पोट वेगळ्या मालावर. ही सोडून तुम्ही मुकुट आणता.

आणि बर्गन. प्रत्येक गोष्टीत बर्गनला हान्साचा 'गव्हर्नर' असतो, महालात बसलेला. तिथे ब्रिगेनच्या, म्हणजे हान्साच्या व्यापाऱ्यांच्या धक्क्यावरच्या, लाकडी घरांत आगीच्या भीतीने शेकोटी पेटवायची बंदी होती, जर्मनीतून आलेली शिकाऊ पोरं त्या थंडीत माशाच्या वासात राहायची, लग्न करायची परवानगी नाही, घर शेकडो कोस लांब. तुमचं साम्राज्य झालं तर या पोराचं काय होतं? त्याला लग्न करू देतात का? सैन्यात ओढतात का? तो नॉर्वेत जमीन घेऊ शकतो का? कालच्या त्या गोष्टीत मी शेवटपर्यंत शोधलं. सम्राटाच्या घोड्याला नाव होतं, या पोरावर एक ओळ नव्हती.