ज्येष्ठ वकिलांसाठी मसुदा-लेखनाचे धडे

वकीलसाहेब, 30 वर्षं कोट घातलात, आता लिहायला काय शिकायचं राहिलंय? तरी आमचं थोडं ऐका. कालच एक मसुदा वाचून उठलोय.

पहिलं म्हणजे, मुद्दा पहिल्या पानावर येऊ देऊ नका. लगेच कळला तर फी कशाची दिली, असं पक्षकाराला वाटतं.

पूर्णविराम ज्युनिअरसाठी ठेवा.

'सदर' सढळ हाताने वापरा. सदर इसमाने सदर दिवशी सदर मिळकतीत. कोण, कधी, कुठे, ते न्यायाधीश बघून घेतील.

समोरच्याच्या प्रत्येक परिच्छेदाला एकच उत्तर द्या: 'खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून मान्य व कबूल नाही.' त्याने नुसता स्वतःचा पत्ता लिहिला असला तरी.

दाखले चॅटजीपीटीकडून घ्या. 2023 साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात दोन वकिलांनी असेच मुळात नसलेले निवाडे दिले आणि 5,000 डॉलर दंड ओढवून घेतला. दोघंही मुरलेले, नवशिके नव्हेत!

आता खरी विद्या. जुनी फाईल उघडायची आणि नावं बदलायची. सगळी नाही, काही. माझं प्रकरण भाड्याच्या घराच्या अनामत रकमेचं. मसुदा 18 पानांचा. पान 11 वर काय? 'अर्जदाराची पत्नी नांदावयास येण्यास तयार नाही.' माझं लग्नच झालेलं नाही! फोन केला तर साहेब म्हणतात, "ते फॉरमॅटमध्ये असतंच हो, कोण वाचतंय?" कोण वाचतंय! आणि अनामत कोणत्या तारखेला दिली, हे 18 पानांत कुठेही नाही. पावती मी स्वतः त्यांच्या हातात दिली होती. दोनदा.

लांबीची भीती नको. 1596 साली इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात एकाने 16 पानांचा ऐवज 120 पानांवर नेला. कोर्टाने त्या बाडाला मधोमध भोक पाडायला लावलं, लिहिणाऱ्याचं डोकं त्यातून बाहेर काढलं आणि वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याची कोर्टोकोर्टी वरात काढली. वर दंड. हल्ली असलं काही होत नाही, निर्धास्त लिहा.

व्हायला हवं, खरं तर. अहो, त्या कागदाखाली सही माझी असते. 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे' हे शपथेवर मी सांगायचं. काय सांगू, नसलेली बायको नांदत नाही म्हणून? लाज वाटली पाहिजे. लांबलचक लिहा, बोजड लिहा, पण आपलाच कागद सहीला देण्याआधी एकदा तरी शेवटपर्यंत वाचा की!

मसुदा परत पाठवलाय. पान 11 सगळ्यांत वर लावून.