खुलासा : गोव्यात बोगमाळ्यातली सी हॉक लढाऊ विमानं खरीच आहेत

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांवर आपल्या नौदलाच्या जुन्या विमानवाहू जहाजाबद्दल, विक्रांतबद्दल, मजकूर फिरतोय : ‘विक्रांत भंगारात गेली तेव्हा तिची विमानंही वितळवली, गोव्यात आहेत ती नुसती मॉडेलं. आणि बुडालेलं नौदलाचं विमान जो बाहेर काढेल त्याचं.’ दोन्ही चूक.

विक्रांत तोडायला घेतली २०१४ मध्ये. बोगमाळ्याचं नौदल विमान संग्रहालय १९९८ पासून उघडं आहे, आणि सी हॉक तर त्याच्याही कितीतरी आधी निवृत्त झाली होती. म्हणजे जहाज तोडलं तेव्हा ही विमानं त्यावर नव्हतीच. १९७१ मध्ये याच जातीच्या विमानांनी विक्रांतवरून उडून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले. चोर्ला घाटातून गोव्याला उतरलात तर शेपटीखालचा हूक जरूर वाकून बघा. उतरताना तो डेकवरच्या तारेत अडकला तरच विमान थांबायचं. जहाजावर जागा कमी, म्हणून पंखही दुमडायचे.

मालकीचं म्हणाल तर अमेरिकेचं उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात मिडवेच्या लढाईत लढलेलं अमेरिकन नौदलाचं एक डॉन्टलेस विमान पुढे मिशिगन सरोवरात बुडालं. १९९० च्या दशकात ते वर काढलं आणि फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नौदल संग्रहालयात ठेवलं. बुडालं म्हणून नौदलाचा हक्क सुटत नाही. तिथे २००४ पासून तसा कायदाच आहे. तो मजकूर कृपया पुढे ढकलू नका.