‘तीन महिन्यांत जीआयएस’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

करिअरच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर थोडक्यात असा: जीआयएसमध्ये (भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळणं) शिरायला एक सॉफ्टवेअर शिकलं की झालं, तीन महिने पुरेत. पदवी लागत नाही. कोडिंगही नको. मात्र घाई करा, एआयमुळे हे क्षेत्र लवकरच संपणार आहे. मेसेज निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता. पण त्यात थोडं खरंही आहे आणि पोरं फसतात ती त्यामुळेच.

‘सॉफ्टवेअर आलं की जीआयएस आलं’

सॉफ्टवेअर तीन महिन्यांत येतं, हे मान्य. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आज रात्री उतरवून घ्या. गोम अशी की तुम्ही चुकलात तरी ते बहुतेक वेळा गप्प बसतं. अक्षांश-रेखांशातल्या थरावर (नकाशातल्या माहितीच्या एका पदरावर) नवशिका ५०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतीचा पट्टा, काढायला जातो, एकक अंशच राहतं आणि ५०० अंशांचा बफर निघतो. म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा आणि वर १४० अंश! ही चूक निदान डोळ्यांत भरते. वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट पानावर उतरवायच्या पद्धतीत) सपाट क्षेत्रफळ मोजणाऱ्याचं काय? विषुववृत्तापाशी आकडा जवळपास बरोबर येतो, ४५ अक्षांशावर साधारण दुप्पट, ६० वर चौपट. नकाशा देखणा, आकडा दशांशासकट, आणि साफ चुकीचा.

उपग्रहचित्रांचंही तेच. लँडसॅट उपग्रहांच्या नेहमीच्या पट्ट्यांत (प्रकाशाच्या ठरावीक तरंगलांबींत टिपलेल्या चित्रांत) एक पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर जमीन एका ठिपक्यात. सेंटिनेल-२ उपग्रहांचे सगळ्यात बारीक पट्टे १० मीटरचे. त्यातून रस्त्याकडेची झाडं एकेक मोजून मागणाऱ्याला ‘यातून होणार नाही’ असं कारणासकट सांगता येणं, हे खरं कौशल्य. बटणं पाठ करून ते येत नाही.

शिवाय बटणं बदलतात. आर्कमॅप या जुन्या जीआयएस सॉफ्टवेअरवर एका अख्ख्या पिढीचा हात बसला होता; त्याच्या सपोर्टची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच ठरली. मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेलं प्रक्षेपण मात्र अजून आपल्या डोक्याला ताप देतंय.

‘पदवी लागत नाही’

पदवीवर ‘जीआयएस’ हीच अक्षरं हवीत असं नाही, एवढ्यापुरतं बरोबर. पण हाताशी एखादा विषय हवाच: भूगोल, जलविज्ञान, वनशास्त्र, नगररचना, सार्वजनिक आरोग्य, संगणकशास्त्र, काहीही. जॉन स्नोचा लंडनमधल्या कॉलऱ्याचा नकाशा प्रत्येक वर्गात दाखवतात. तो १८५४ च्या साथीचा. कॉलरा पाण्यातून पसरतो हे त्याने १८४९ मध्येच लिहिलं होतं, हे क्वचित सांगतात. तो डॉक्टर होता, प्रश्न त्याच्याकडे आधीपासून होता. नुसते मृत्यूंचे ठिपके पाहून दूषित हवेवर बोट ठेवणारेही त्या काळी कमी नव्हते.

म्हणून नदीवर किंवा जंगलावर आधीच काम करत असाल तर छोटा सर्टिफिकेट कोर्स खुशाल करा, तुमच्यासाठी तो सोन्यासारखा आहे. शाळा नुकतीच संपली असेल तर आधी विषयाची पदवी घ्या आणि जीआयएस तिच्या जोडीने शिका. थेट जीआयएसचाच अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर माहितीपत्रकातली सॉफ्टवेअरची नावं मोजू नका. प्रक्षेपणं आणि डेटम (पृथ्वीवरची जागा ज्या आधारावर मोजतात तो), जागेशी बांधलेल्या विदेचं संख्याशास्त्र, डेटाबेस, आणि प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन पडताळणी, हे चार आहेत का ते पाहा. चौथं बहुतेक ठिकाणी गायब असतं.

‘कोडिंग नको’

पहिल्या महिन्यात नको. त्यानंतर तेच काम ४०० फायलींवर करायची वेळ येते आणि पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकावंच लागतं. आणखी काय सांगणार? नोकरीच्या जाहिराती वाचा. कितीतरी पदांच्या नावात आता जीआयएस हा शब्दही नसतो, ‘डेटा इंजिनिअर’ असतं आणि आत पोस्टजीआयएस (जागेची माहिती ठेवणारा डेटाबेस) मागितलेलं असतं.

‘एआय हे क्षेत्र संपवणार’

इथे मेसेज स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारतो. चित्रावरून छपरांच्या आणि रस्त्यांच्या कडा गिरवणं, म्हणजे डिजिटायझिंग, हे काम यंत्र झपाट्याने घेतंय. तीन महिन्यांच्या कोर्सात मुख्यतः शिकवतात तेही हेच. भीती खरी असेल तर ती त्या कोर्सची जाहिरात कशी होते?

यंत्राने काढलेल्या छपरांत सावल्या किती शिरल्या, दाट वस्तीत चार घरांचं एक छप्पर कुठे झालं, हे कुणीतरी नमुना काढून तपासायचं असतं. ते काम वाढलंय. माझ्याकडे येणाऱ्या अर्जांत रंगीत नकाशे भरपूर असतात. ‘हे वर्गीकरण कुठे चुकलं?’ असं विचारलं की बरेच जण नकाशाचा रंग बदलून दाखवू लागतात.